‘नाही’ म्हणू शकणारा ड्रायव्हर

वाचकाचे पत्र:

माझे दीर आणि मी सास्काचेवान प्रांतात रेजायनाजवळ चौदा ट्रकची वाहतूक कंपनी चालवतो. यजमान गेल्यापासून हिशेब, पगार आणि कागदपत्रे मी पाहते. गाड्या आणि डिस्पॅच (कोणती गाडी कधी, कुठे पाठवायची) दीर पाहतात. लांब पल्ल्याच्या फेऱ्यांसाठी ड्रायव्हर मिळत नसल्यामुळे चार गाड्या महिनोन्‌महिने अंगणात उभ्या आहेत. एका एजंटाने सांगितले आहे की तो प्रांताच्या नॉमिनेशन कार्यक्रमातून, म्हणजे कायम वास्तव्यासाठी (पीआर) प्रांत जी शिफारस करतो तिच्यातून, सहा ड्रायव्हर परदेशातून थेट आणून देईल. खर्च ड्रायव्हर करतील, आम्हाला काही पडणार नाही, उलट प्रत्येक ड्रायव्हरमागे आम्हालाच पाच हजार डॉलर मिळतील. दिरांना हे पटले आहे. पीआर मिळताच ड्रायव्हर सोडून जाऊ नयेत म्हणून त्यांच्याकडून दोन वर्षांचा बाँड लिहून घ्यावा, असेही ते म्हणतात. माझे मन मात्र तयार होत नाही, आणि नेमके काय चुकते आहे हे मला त्यांना समजावून सांगता येत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे मन कच खात नाही, ते बरोबर ओळखते आहे, हे मी आधीच सांगतो. त्या एजंटाला या आठवड्यातच लेखी नकार कळवा. परदेशातून ड्रायव्हर आणणे मुळात चुकीचे नाही. कॅनडातील मालवाहतुकीत आज बाहेरून आलेल्या माणसांचा वाटा फार मोठा आहे आणि त्यांच्यातील असंख्य लोक उत्तम ड्रायव्हर आहेत. चूक आहे ती एजंटाने सुचवलेल्या व्यवहारात, आणि ती कायद्यापासून थेट रस्त्यापर्यंत पोहोचते.

आधी कायद्याचे पाहू, कारण दिरांशी बोलताना तुम्हाला त्याचा आधार लागेल. परदेशी कामगाराकडून भरतीसाठी पैसे घेण्यास मालकाला संघराज्याच्या नियमांनुसार मनाई आहे. २६ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार, मालकाने वापरलेल्या एजंटाने असे पैसे घेतले तरी त्याची जबाबदारी मालकावर येते, त्यामुळे ‘पैसे त्याने घेतले, आम्ही नाही’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. एलएमआयए, म्हणजे परदेशी कामगार नेमण्याआधी मालकाने घ्यायची सरकारी संमती, तिच्या अर्जाचे प्रत्येक जागेमागे १,००० डॉलर शुल्क असते. तेही मालकानेच भरायचे असते आणि ड्रायव्हरच्या पगारातून कोणत्याही नावाखाली वळते करून घेता येत नाही. सास्काचेवानचा स्वतःचा इमिग्रेशन सेवा कायदा १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. त्यानुसार परदेशी कामगारांची भरती करणाऱ्याकडे प्रांताचा परवाना हवा आणि त्याने आपली फी कामगाराकडून घेता कामा नये. संघराज्याच्या तपासणीत दोष आढळला तर एका उल्लंघनाला १,००,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, कार्यक्रमातून बंदी येऊ शकते आणि कंपनीचे नाव सरकारी संकेतस्थळावर सर्वांना दिसेल असे झळकते. सहा ड्रायव्हरमागे मिळणारे तीस हजार डॉलर तुमच्या खात्यात ज्या दिवशी जमा होतील, त्या दिवशी तुमच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा तुम्हीच आपल्या वहीत लिहून ठेवलेला असेल, आणि वही तुमच्याकडे आहे म्हणून सही तुमचीच असेल.

पण दंडाच्या भीतीने नकार द्या, एवढेच मला म्हणायचे नाही. या धंद्यात काढलेल्या वर्षांपैकी अकरा वर्षे मी प्रेअरी प्रांतांतल्या एका कंपनीत सेफ्टी विभाग सांभाळला. त्या काळातली एक रात्र मी विसरू शकलो नाही. ईएलडी, म्हणजे गाडी चालवण्याचे तास नोंदवणारे यंत्र, येण्यापूर्वीचा, कागदी लॉगबुकचा तो काळ. पहाटे पावणेतीनला फोन आला. उत्तर ऑन्टारियोत, सुपीरियर सरोवराच्या काठाने जाणाऱ्या १७ क्रमांकाच्या महामार्गावर आमचा एक ट्रक बर्फावरून घसरून आडवा झाला होता आणि ट्रेलर खड्ड्यात गेला होता. ड्रायव्हरला खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. मी त्याला विचारले, लागले का, थंडी वाजते का, कोणी जवळ आहे का. आणि त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘साहेब, आता माझे वर्क परमिट जाईल का?’ नंतर त्याचे कागद तपासले तेव्हा कळले की त्याने ठरलेल्या तासांच्या पलीकडे, संध्याकाळपासून गोठता पाऊस पडत असताना, एकही थांबा न घेता गाडी चालवली होती. त्याला इथे आणणाऱ्या माणसाने त्याच्याकडून घेतलेली रक्कम त्याने घर गहाण टाकून उभी केली होती, आणि महिन्याचा हप्ता चुकू नये म्हणून तो कोणत्याही लोडला नकार देत नव्हता. डिस्पॅचमधल्या लोकांना तो फार आवडायचा. ‘कधीच नाही म्हणत नाही’ असे त्याचे कौतुक व्हायचे, आणि त्या कौतुकात मीही सामील होतो.

त्या रात्रीनंतर ड्रायव्हर नेमताना मी एकच गोष्ट पाहू लागलो: हा माणूस उणे पस्तीस तापमानात, पहाटे तीन वाजता, रस्ता दिसेनासा झाल्यावर गाडी बाजूला लावून ऑफिसला ‘मी आता पुढे जात नाही’ असे सांगू शकेल का? ते सांगण्याची ताकद केवळ त्याच्या स्वभावात नसते. त्याच्या डोक्यावर किती कर्ज आहे, त्याचे वर्क परमिट कोणाच्या मुठीत आहे आणि नाही म्हटल्यावर पगाराचे काय होते, यावर ती अवलंबून असते. एजंटाची फी आणि दिरांचा बाँड या दोन्ही गोष्टी नेमकी हीच ताकद काढून घेतात. चाळीस टनांच्या वर वजन घेऊन जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस बसवणे हा रस्त्यावरच्या प्रत्येकासाठी धोका आहे. दिरांना हे समजावून सांगताना माणुसकीचा मुद्दा मागे ठेवलात तरी चालेल. ब्रेक तपासल्याशिवाय ते गाडी बाहेर काढत नसतील, तर ड्रायव्हर कर्जात बुडालेला आहे का हेही त्यांनी त्याच गांभीर्याने पाहायला हवे, असे सांगा.

आता कार्यक्रमाकडे वळू, कारण एजंटाने तुम्हाला सांगितलेला क्रमच उलटा आहे. सास्काचेवानच्या नॉमिनी कार्यक्रमात लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरांसाठी अनेक वर्षे जो उपप्रकार चालत आला, त्यात ड्रायव्हरने आधी वर्क परमिटवर इथे येऊन, प्रांताने मान्य केलेल्या वाहतूक कंपनीत किमान सहा महिने काम करणे, प्रांताचा क्लास १ (ट्रेलर जोडलेल्या अवजड गाड्यांचा) परवाना मिळवणे, इंग्रजीची किमान पातळी दाखवणे आणि त्याच कंपनीची कायम नोकरीची ऑफर हातात असणे अपेक्षित होते. नॉमिनेशन हे प्रवेशाचे दार कधीच नव्हते. काम करून दाखवल्यानंतरची ती पायरी होती. त्यातच २०२५ साली संघराज्य सरकारने प्रांतांच्या नॉमिनेशनचे लक्ष्य १,१०,००० वरून ५५,००० वर आणले आणि सास्काचेवानच्या वाट्याला सुरुवातीला ३,६२५ नॉमिनेशन आली, म्हणजे आदल्या वर्षीच्या निम्मी. त्यानंतर प्रांताने हॉटेल व खाद्यसेवा, किरकोळ विक्री आणि ट्रकवाहतूक या तिन्ही क्षेत्रांना मिळून एकूण नॉमिनेशनच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि परदेशातून थेट भरती करण्याची मुभा आरोग्य, शेती आणि कुशल कारागिरी यांसारख्या प्राधान्यक्षेत्रांपुरती ठेवली. ट्रकवाहतुकीसाठी आधीच कॅनडात तात्पुरत्या वर्क परमिटवर असलेल्या उमेदवाराचाच विचार व्हावा, असा त्या बदलांचा रोख होता. अशा वर्षांत जो माणूस ‘नॉमिनेशनमधून सहा जण थेट आणतो’ म्हणतो, त्याला एकतर नियम ठाऊक नाहीत किंवा तुम्हाला ते ठाऊक नसतील असे तो धरून चालला आहे. हे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी प्रांताच्या संकेतस्थळावरची अट स्वतः वाचा; दुसऱ्याने मोबाइलवर पाठवलेल्या चित्रावर विसंबू नका.

एलएमआयएवर पीआरसाठी पन्नास गुण मिळतात, असेही त्याने सांगितले असेल तर तेही आता खरे नाही. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरसाठी गुणांवर निवड करणाऱ्या संघराज्याच्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरला मिळणारे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकण्यात आले, आणि त्याचे कारणच एलएमआयएची विक्री थांबवणे हे होते. ट्रक ड्रायव्हरचा व्यवसाय नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या व्यवसाय-वर्गवारीमुळे एक्सप्रेस एंट्रीसाठी पात्र झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये वाहतूक क्षेत्रासाठी एक स्वतंत्र फेरीही झाली. तेव्हा ज्यांना पीआर मिळाली त्यांच्या गोष्टी अजून बाजारात फिरतात आणि एजंट त्यांच्याच जोरावर आपला माल विकतात.

परदेशातून माणूस आणायचाच असेल तर एलएमआयएचा रस्ता आहे, पण तो मालकाने स्वतः चालायचा आहे. जागेची जाहिरात किमान चार आठवडे सरकारच्या जॉब बँकेवर आणि आणखी दोन ठिकाणी द्यावी लागते, आलेले अर्ज प्रामाणिकपणे पाहावे लागतात आणि ज्यांना नाकारले त्यांना का नाकारले याची नोंद ठेवावी लागते. मग वेतनाचा प्रश्न येतो. प्रांताच्या मध्यक वेतनापेक्षा २० टक्के जास्त ही रेषा नोव्हेंबर २०२४ पासून आखली गेली आहे. त्या रेषेखालचे वेतन दिले तर परदेशी कामगारांचे प्रमाण एका कामाच्या ठिकाणी साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच ठेवता येते, जाण्यायेण्याचा प्रवासखर्च द्यावा लागतो, परवडणाऱ्या घराची सोय करावी लागते, प्रांताचा विमा सुरू होईपर्यंत आरोग्य विमा उतरवावा लागतो आणि वर्क परमिटही एक वर्षाचेच मिळते. शिवाय ज्या महानगर क्षेत्रात बेरोजगारी ६ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिथले असे अर्ज प्रक्रियेलाच घेतले जात नाहीत. तुमच्याकडे सगळी मिळून वीस माणसे असली तरी स्वस्तातले सहा ड्रायव्हर या हिशेबात बसत नाहीत, दोनच बसतात. जास्त माणसे हवी असतील तर रेषेच्या वरचे वेतन द्यावे लागेल, आणि ते मैलांच्या हिशेबात कधी चढणारे, कधी उतरणारे असून चालणार नाही; तासाला इतके, अशी हमी दिलेले असावे लागेल. या क्षणी पेन घेऊन बसा आणि त्या दराने गाडी चालवून तुमच्या सध्याच्या भाड्यात काही उरते का ते पाहा. उरत नसेल तर तुमची अडचण ड्रायव्हरची नाही, भाड्याच्या दराची आहे, आणि ती कोणत्याही इमिग्रेशन कार्यक्रमाने सुटणार नाही.

‘आपल्या भागातली मुले आणू, ती ऐकतील’ असे वाक्य तुमच्या पत्रात नाही, तरी ते घरात बोलले गेले असेल असा माझा अंदाज आहे, कारण मी ते फार ठिकाणी ऐकले आहे. आपली भाषा बोलणारा माणूस हवासा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र एलएमआयएच्या अर्जात इंग्रजी किंवा फ्रेंच सोडून तिसऱ्या भाषेची अट घातली की तिची कसून चौकशी होते, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की आपल्या माणसाशी कागद करायला आपण लाजतो. रविवारी गाडी धुऊन दे, अंगणातला बर्फ काढ, या लोडचे पैसे पुढच्या महिन्यात देतो, हे सगळे आपुलकीच्या नावाखाली होत जाते आणि समोरचा माणूस मान देऊन गप्प बसतो. तुमच्याकडे जो येईल, त्याला पहिल्या दिवशी त्याच्या भाषेत समजावून सांगितलेला लेखी करार मिळाला पाहिजे, मग तो नात्यातला असो वा नसो.

प्रशिक्षणाबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रांतात त्याबद्दल लिहिताना हात जड होतो. ६ एप्रिल २०१८ च्या संध्याकाळी टिसडेलच्या उत्तरेला ३५ आणि ३३५ क्रमांकाच्या महामार्गांच्या छेदावर एक ट्रक हम्बोल्ट ब्रॉन्कोज या ज्युनियर हॉकी संघाच्या बसच्या वाटेत आला. १६ जण गेले आणि १३ जखमी झाले. ट्रकचा ड्रायव्हर भारतातून आलेला तरुण होता. नोकरीला लागून त्याला जेमतेम काही आठवडे झाले होते आणि थोड्याशा शिकवणीनंतर त्याला दोन ट्रेलर जोडलेली गाडी घेऊन एकट्याने पाठवले गेले होते. ट्रेलरवरची ताडपत्री फडफडत होती, तिच्याकडे त्याचे लक्ष होते, आणि छेदरस्त्याची सूचना देणाऱ्या पाट्या व लाल दिव्याचे थांबण्याचे चिन्ह त्याला दिसलेच नाही. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. पुढे २०२४ मध्ये त्याच्या हद्दपारीचा आदेशही निघाला. कंपनीच्या मालकाला कामाच्या तासांच्या आणि सुरक्षेच्या नोंदी न ठेवल्याबद्दल ५,००० डॉलर दंड झाला. त्या तरुणाची चूक मी झाकत नाही, त्यानेही ती झाकली नाही; परंतु त्याच्या हातात ती गाडी त्या दिवशी कोणी दिली, हा प्रश्न मालक म्हणून तुम्ही आणि दिरांनी स्वतःला विचारल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

त्या अपघातानंतर सास्काचेवानने १५ मार्च २०१९ पासून क्लास १ साठी किमान १२१.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. भारतातला अवजड वाहनाचा परवाना इथे सरळ बदलून मिळत नाही. दहा वर्षे ट्रक चालवलेल्या माणसालाही एसजीआय या प्रांताच्या वाहन परवाना देणाऱ्या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि ते योग्यच आहे. त्याच्याकडे कदाचित तुमच्यापेक्षा जास्त धीर आणि रस्त्याची समज असेल, परंतु त्याने बहुधा उजव्या बाजूने जाणाऱ्या वाहतुकीत कधी गाडी घातलेली नसेल, आणि बर्फ तर पाहिलेलाही नसेल. म्हणून परवाना मिळाला की काम सुरू, असे धरू नका. पहिला पूर्ण हिवाळा त्याला तुमच्या सर्वांत अनुभवी ड्रायव्हरबरोबर जोडीने पाठवा आणि त्या अनुभवी माणसाला शिकवण्याचे वेगळे पैसे द्या.

शिकवणे म्हणजे काय ते एका साध्या उदाहरणावरून सांगतो. ट्रेलर जोडताना किंगपिन (ट्रेलरखालची खुंटी) फिफ्थ व्हीलमध्ये (ट्रकवरच्या जोडणीच्या प्लेटमध्ये) बसल्याचा खटका ऐकू येतो आणि नवा माणूस त्या आवाजावर समाधान मानून लगेच ट्रेलरचे टेकूचे पाय वर उचलायच्या हँडलकडे जातो. माझ्याबरोबरचा एक जुना ड्रायव्हर कितीही थंडी असली तरी टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकायचा, फिफ्थ व्हीलचा जबडा किंगपिनभोवती पुरता मिटला आहे आणि ट्रेलर व प्लेट यांच्यामध्ये उजेड दिसत नाही याची खात्री करायचा, मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून गाडी हळूच पुढे ओढून पाहायचा, आणि एवढे झाल्यावरच पाय वर घ्यायचा. अंगणातून बाहेर पडताना तो आरशात शेवटच्या चाकांकडे पाहत राहायचा, कारण कडाक्याच्या थंडीत ट्रेलरचे ब्रेक गोठून बसतात आणि चाक फिरण्याऐवजी नुसते घासत येते. या सगळ्याला वीस मिनिटे लागतात. तुमच्या डिस्पॅचने त्या वीस मिनिटांचे पैसे दिले नाहीत, तर चौथ्या आठवड्यात नवा ड्रायव्हर टॉर्च काढणे बंद करील, आणि त्यात त्याचा दोष निम्माच असेल.

अमेरिकेत जाणारी लोड तुम्ही घेत असाल तर नव्या परदेशी ड्रायव्हरांना त्या मार्गावर धरू नका. वर्क परमिटवरच्या भारतीय नागरिकाला अमेरिकेचा वेगळा व्हिसा लागतो, आणि २५ जून २०२५ पासून तिथे रस्त्यावरच्या तपासणीत पुरेसे इंग्रजी न येणाऱ्या ड्रायव्हरला गाडीवरून उतरवले जाते. त्यांना विनिपेग, कॅलगरी, एडमंटन या फेऱ्या द्या. ब्रिटिश कोलंबियातले घाट पहिल्या हिवाळ्यात नकोत. तिथे १ ऑक्टोबरपासून ३० एप्रिलपर्यंत बहुतेक डोंगरी मार्गांवर चाकांना लावायच्या साखळ्या बरोबर बाळगाव्या लागतात, आणि त्या उतारावर, अंधारात चढवण्याचा सराव आधी अंगणात झालेला असावा लागतो.

राहिला बाँड. पीआर मिळालेल्या माणसाला कोणत्याही प्रांतात जाऊन पोट भरण्याचा हक्क कॅनडाच्या हक्कांच्या सनदेच्या सहाव्या कलमानेच दिला आहे, आणि त्याला दंडाच्या भीतीने धरून ठेवण्याचा प्रयत्न केला तर तो पहिली संधी मिळताच जाईल व चार जणांना सांगून जाईल. नॉमिनेशनचे कागद मुद्दाम लांबवणे हा त्याहून वाईट प्रकार आहे. कामगाराचे शोषण होत असेल तर जून २०१९ पासून त्याला मालकाचे नाव नसलेले खुले वर्क परमिट मागता येते, आणि असा अर्ज झाला की तुमची तपासणी ठरलेलीच. एजंट किंवा हिशेबनीस ‘ड्रायव्हरच्या नावावर छोटी कंपनी काढून घ्या, म्हणजे सुट्ट्या आणि कपातीची भानगड नको’ असे सुचवील. तेही ऐकू नका. प्रांतांच्या सीमा ओलांडणारी वाहतूक संघराज्याच्या कामगार कायद्याखाली येते, नोकराला कंत्राटदार दाखवणे त्या कायद्याने १ जानेवारी २०२१ पासून मना आहे, आणि ज्याचे वर्क परमिट तुमच्या कंपनीच्या नावावर आहे तो तुमचा नोकरच असतो.

ड्रायव्हर का सोडून जातात, याची कारणे मला सोडून जाणाऱ्यांशी शेवटच्या दिवशी बोलताना कळली, आणि त्यांत पीआरचे नाव क्वचितच निघाले. गोदामाच्या दारात सहा तास ताटकळत बसवले आणि त्याचा एक डॉलर मिळाला नाही. शुक्रवारी घरी पोहोचवतो म्हणून सांगितले आणि गुरुवारी रात्री दुसरे लोड टाकले. आठवड्याला ६० तासांवर लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला जादा दराचे वेतन मिळायला हवे, ते मागितल्यावर ‘आपल्यात हे असले नसते’ असे उत्तर मिळाले. बायको आणि मुले येईपर्यंत घर शोधून देतो म्हटले होते, ते कोणाच्याच लक्षात राहिले नाही. जोडीदाराच्या खुल्या वर्क परमिटचे नियम जानेवारी २०२५ मध्ये कडक झाल्यामुळे आता कुटुंब दूर राहण्याचा काळ वाढू शकतो. म्हणून भरतीच्या वेळीच त्याला खरे सांगा. ‘सहा महिन्यांत सगळे येतील’ असे खोटे आश्वासन देऊ नका. इथे तुमचे काम दिरांच्या कामाइतकेच मोलाचे आहे, कारण पगाराची पावती तुमच्या हातून जाते. तीत चालवलेले मैल, थांबून राहिलेले तास, गाडी तपासण्याचा वेळ आणि कपात वेगवेगळ्या ओळींत लिहिलेली असेल तर माणूस तुमच्यावर विश्वास ठेवतो.

आणि बाहेर शोधण्याआधी जवळ शोधा. शिक्षण संपवून खुल्या वर्क परमिटवर असलेले, क्लास १ चा परवाना स्वतःच्या पैशाने काढलेले आणि चांगल्या मालकाच्या शोधात असलेले तरुण तुमच्याच प्रांतात आहेत. त्यांच्यासाठी एलएमआयए लागत नाही, आणि नॉमिनेशनच्या २०२५ च्या बदलांचा रोखही आधीच कॅनडात असलेल्यांकडेच होता. कागदपत्रांसाठी मदत लागलीच तर वकील किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’ या नियामक संस्थेचा परवाना असलेला सल्लागार गाठा, त्याचा परवाना क्रमांक कॉलेजच्या यादीत स्वतः तपासा आणि त्याची फी कंपनीच्या खात्यातून, पावती घेऊन द्या.

दिरांशी बोलताना एजंटापासून सुरुवात करू नका. गेल्या दोन वर्षांत जे ड्रायव्हर सोडून गेले त्यांची नावे एका कागदावर लिहा, त्यांच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि ईएलडीच्या नोंदी शेजारी ठेवा, आणि दोघांनी मिळून एका संध्याकाळी त्या वाचा. त्यांच्यापैकी दोघांना फोन करा. फोन दिरांनी नव्हे, तुम्ही करा. थांबण्याच्या तासांचे पैसे देऊन आणि घरी परतण्याचा वार पाळून त्यांच्यापैकी एक जरी परत आला, तर चार उभ्या गाड्यांपैकी एक हलेल, आणि पुढे जो नवखा ड्रायव्हर तुम्ही आणाल त्याच्याशेजारी पहिला हिवाळा बसायला माणूसही तयार असेल.

आपला,
सदरलेखक